खुल्या तारांत भैरवी

भोसरीत टूलरूममध्ये बत्तीस वर्षं काढली आणि पंधरा वर्षं बाईंकडे गाणं शिकलो. निवृत्तीनंतर लिव्हर हार्प करायला घेतली, ती या दोन्हींच्या जोरावर. 22 तारांची, जमिनीवर टेकवून वाजवायची.

हार्पमध्ये प्रत्येक स्वराला स्वतंत्र तार. खुंटीच्या खाली एक छोटी लिव्हर असते. ती वर केली की तार तिथे दाबली जाते, आखूड होते आणि स्वर अर्ध्या सुराने चढतो. बाहेरच्या देशांत ही हार्प बहुधा ई-फ्लॅट मेजर या पाश्चात्त्य स्वरपट्टीत लावतात. सा पांढरी एकला (पेटीच्या C पट्टीला) धरून मी तो हिशेब वहीत मांडला, तर रे शुद्ध आणि ग, ध, नी कोमल आले. म्हणजे सरळ आसावरी थाट (थाट म्हणजे रागांच्या मुळाशी असलेला सात स्वरांचा संच). लिव्हर फिरवून त्यातून काफी, खमाज, बिलावल, कल्याण निघतात. पण लिव्हर स्वर चढवते, उतरवत नाही. रे कोमल करताच येत नाही, त्यामुळे भैरव, भैरवी, पूर्वी, मारवा, तोडी हे पाचही गेले. संगीतशास्त्रकार भातखंड्यांनी मांडलेल्या दहा थाटांतले निम्मे!

मग रेची तारही कोमलातच लावली तर? सगळ्या लिव्हर खाली असताना भैरवी वाजेल आणि तिथून उरलेले नऊही थाट मिळतील. शिवाय सा आणि प अचल, त्यांना लिव्हर हवी कशाला? 22 तारांत सा चार, प तीन. सात लिव्हर वाचल्या, पंधराच मागवायच्या होत्या. या वाद्याचा आराखडा खरा त्या रात्री ठरला, सुतारकाम नंतरचं.

लाकूड भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून आणलं, पितळी पिना आणि स्क्रू बोहरी आळीतून. तबली, म्हणजे तारा जिला ओढून धरतात ती पातळ फळी, 3 मिमी बर्च प्लायची केली.

मान, म्हणजे खुंट्या बसतात तो वरचा दांडा, मात्र पहिल्यांदा चुकली. एकाच सागवानी फळीतून कापली होती. हार्पची मान वळणदार, त्यामुळे सरळ फळीतून कापली की कुठेतरी लाकडाची रेषा आडवी येतेच. मिस्त्रींनी बोट ठेवून दाखवलं होतं, "साहेब, इथं रेषा तुटलीय, हे उघडणार." मला वाटलं जाडी पुरेल. अठरावी तार ताणत होतो तेव्हा कट्ट असा आवाज झाला आणि खांबाजवळ केसासारखी भेग दिसली. हात तसाच खुंटीवर धरून उभा राहिलो. मग एकेक तार सैल केली, सगळ्यांत जाड तारेपासून.

ताण किती असतो ते सांगतो. 1 मिमी जाडीची, 60 सेंमी लांबीची नायलॉनची तार मध्य सप्तकातल्या सावर आणायला साधारण 9 किलो ओढ लागते. बावीस तारा मिळून दोनशे किलोच्या आसपास. त्यात तारा मानेच्या एकाच अंगाला असतात, म्हणून मान नुसती खाली ओढली जात नाही, पिळलीही जाते. दुसरी मान शिसवीचे पाच थर चिकटवून केली, प्रत्येक थराची रेषा शेजारच्या थराला तिरपी. मिस्त्रींनी क्लँप दोन दिवस काढू दिले नाहीत. ती मान अजून जागची हललेली नाही.

नायलॉन ताणत जातं, त्यामुळे पहिले तीन आठवडे रोज सकाळ-संध्याकाळ सूर लावायचा. तबली मधोमध थोडी फुगली. पहिल्यांदा करणाऱ्यांनी घाबरू नये, ती तशी फुगतेच.

लिव्हर मी हार्पच्या नेहमीच्या नकाशाप्रमाणे बसवल्या, प्रत्येक तारेच्या लांबीच्या 5.6 टक्क्यांवर. बाईंना घरी बोलावलं. तानपुरा लावला, त्याच्यावर खुल्या तारा कानाने मिळवल्या. भैरवी वाजली तेव्हा बाईंनी डोळे मिटले. मग मी बिलावलसाठी लिव्हर वर केल्या आणि त्या लगेच म्हणाल्या, "गंधार चढलाय रे. धैवत पण."

ग आणि ध खरंच चढले होते. नकाशा पियानोच्या सुरांसाठी आहे, जिथे प्रत्येक अर्धा सूर सारखा. आपला कोमल गंधार कंपनसंख्येत साच्या 6/5 पट, शुद्ध गंधार 5/4 पट. दोघांतलं अंतर 25/24, म्हणजे तार चारच टक्के आखूड व्हायला हवी. 50 सेंमीच्या तारेवर लिव्हर 28 मिमीवर नको, 20 मिमीवर हवी. आठ मिलिमीटरचा फरक! धैवताचंही तेच, आणि आमचा कोमल निषाद साच्या 9/5 पट धरलेला, त्यामुळे नीचंही. रे आणि मध्यम जवळपास बरोबर होते, त्यांना 5.2 टक्के लागतात. लिव्हर दाबताना तारही किंचित ताणली जाते, म्हणून शेवटचा मिलिमीटर कानानेच ठरवायचा. नऊ लिव्हर काढल्या, जुनी भोकं शिसवीच्या खुंट्यांनी बुजवली, नवी पाडली.

मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणं, या वाद्यात नाही, ते मान्य करूनच हात घालावा. पण परवा बाईंनी स्वतः ग वर-खाली करून पाहिला, तानपुरा चालू ठेवून, बराच वेळ, आणि काही बोलल्या नाहीत.

वरच्या टोकाचा निषाद तेवढा राहिलाय. ती तार 14 सेंमीची, तिचे चार टक्के म्हणजे साडेपाच मिलिमीटर. तेवढ्या जागेत विकतची लिव्हर मावत नाही. पितळेची छोटी लिव्हर घासायला घेतली आहे.