समेवर येणारी बॅटन : सरावाची नोंद, चौदावा महिना

मी बॅटन ट्वर्लिंग, म्हणजे बँडपुढे धातूची काठी (बॅटन) फिरवण्याची आणि उडवून झेलण्याची कला, शिकते आहे. मागच्या नोंदीत मी लिहिले होते की उंच टॉसखालची एक गिरकी, म्हणजे बॅटन वर उडवून ती परत येईपर्यंत स्वतःभोवती फिरणे, आता दहातून आठ वेळा साधते. त्या आकड्याचा मला मोठा आनंद होता, पण गेल्या दोन महिन्यांत मी तो पूर्णपणे बाजूला ठेवला आहे. बॅटन हातात येते की खाली पडते एवढेच मी मोजत होते, आणि ती कोणत्या ठोक्याला हातात येते याची नोंदच घेत नव्हते. बँडपुढे उभे राहून बॅटन फिरवणारीचे, म्हणजे ट्वर्लरचे, सारे कौशल्य त्या ठोक्यात असते, हे डोळ्यांनी पाहूनही माझ्या ध्यानात यायला एक वर्ष लागले.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. मी अमेरिकेतील इंडियाना राज्यात, वेस्ट लाफायेट येथे राहते, आणि पर्ड्यू विद्यापीठ घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. माझ्या शिक्षिका एके काळी कॉलेजच्या बँडपुढे ट्वर्लिंग करत असत, आणि आता आठवड्यातून एकदा मोठ्या माणसांचा वर्ग घेतात. मी त्यांना मनातल्या मनात ‘बाई’च म्हणते. माझी बॅटन २७ इंचांची आहे. मधला पोलादी दांडा, म्हणजे शाफ्ट, पाव इंचाहून थोडा जाड. एका टोकाला पांढऱ्या रबराचा मोठा बॉल आणि दुसऱ्या टोकाला त्याहून लहान टिप. बॉल जड असल्यामुळे बॅटनचा तोल बरोबर मध्यावर नसतो, तो किंचित बॉलच्या बाजूला सरकलेला असतो. नवी बॅटन आणली की ती एका बोटावर आडवी तोलून तो बिंदू शोधावा आणि तेथे पांढऱ्या पट्टीचे एक अरुंद वेटोळे द्यावे, ही बाईंची पहिली शिकवण होती. टॉसच्या वेळी अंगठ्यावरून दांडा वळतो तो याच बिंदूभोवती. तो बिंदू बोटभर जरी चुकला तरी बॅटन वर जाताना सरळ वर्तुळात न फिरता डोलू लागते, आणि डोलणारी बॅटन कोठे उतरेल हे कोणीच सांगू शकत नाही.

पर्ड्यूच्या बँडविषयी येथे लिहिणे आवश्यक आहे, कारण माझा सराव त्याच्याकडे पाहूनच आकाराला येतो. पर्ड्यूच्या या ‘ऑल-अमेरिकन मार्चिंग बँड’ची सुरुवात १८८६ साली झाली. १९०७ साली या बँडने लष्करी रांगा मोडून मैदानावर ‘पी’ हे अक्षर उभे केले, आणि असे करणारा तो पहिला विद्यापीठीय बँड मानला जातो. १९५४ साली संचालक अल राइट यांनी ‘गोल्डन गर्ल’ हे ट्वर्लरचे मानाचे स्थान निर्माण केले. पहिली गोल्डन गर्ल होती ह्वानिटा कार्पेंटर. आज गोल्डन गर्लसोबत काळ्या पोशाखातील ‘गर्ल इन ब्लॅक’ आणि ‘सिल्व्हर ट्विन्स’ ही जोडी असते. मला व्यक्तिशः ही जोडी सर्वांत अधिक शिकवून जाते. एकटी ट्वर्लर अर्धा ठोका उशिरा आली तर तो तिचा ढंग समजून प्रेक्षक पुढे जातात. दोघींच्या बॅटन मात्र एकाच उंचीवर जाऊन एकाच क्षणी उतरल्या नाहीत, तर पर्ड्यूच्या रॉस-एड या फुटबॉल स्टेडियमच्या सर्वांत वरच्या रांगेतूनही तो फरक दिसतो.

सामन्याच्या दिवशी स्टेडियमकडे जाण्यापूर्वी बँड स्लेटर हिलच्या हिरवळीवर वादन करतो, तेथे ट्वर्लर्स अगदी जवळून पाहता येतात. गेल्या हंगामात तेथे उभी असताना मी त्या दोघींच्या बॅटनकडे न पाहता त्यांच्या पायांकडे पाहायचे ठरवले. बॅटन सुटताना डावा पाय जमिनीवर, बॅटन हातात येतानाही डावा पाय जमिनीवर, आणि मधले पाऊल न् पाऊल ढोलाच्या ठोक्याशी बांधलेले. पहिल्या ठोक्याला सुटलेली बॅटन पुढच्या आवर्तनाच्या पहिल्या ठोक्याला, म्हणजे नेमकी समेवर परत येत होती. घरी येऊन मी माझे दोन चलच्चित्रणांचे तुकडे तालयंत्र लावून पाहिले. माझी पकडलेली प्रत्येक बॅटन समेच्या आगेमागे कोठेतरी येत होती, आणि पुढची हालचाल सुरू करण्यासाठी मी दर वेळी एक-दोन ठोके नुसती थांबत होते.

येथून या दोन महिन्यांचा खरा अभ्यास सुरू झाला. हातातून सुटलेली वस्तू त्याच उंचीवर परत यायला किती वेळ घेते हे केवळ ती किती वर गेली यावर अवलंबून असते, आणि हे गणित शाळेत आपण सर्वांनी केलेले आहे. मिनिटाला १२० ठोक्यांची लय असेल तर चार ठोक्यांचे दोन सेकंद होतात, आणि दोन सेकंदांत परत येणारी बॅटन हातापासून सुमारे ४.९ मीटर वर जायला हवी. लय १४४ झाली की चार ठोके १.६७ सेकंदांत संपतात आणि उंची ३.४ मीटरवर येते. १६० ठोक्यांना ती पावणेतीन मीटरच्या आसपास उरते. बँडची लय ठरली की टॉसची उंचीही ठरली, त्यात ट्वर्लरला निवडीला वाव नाही. मी मात्र आजवर ‘जितके उंच तितके चांगले’ या समजुतीने बॅटन भिरकावत आले होते. अर्धा मीटर जास्तीचा टॉस १४४ च्या लयीत सुमारे ०.१२ सेकंद उशीर करतो, आणि एक ठोकाच जेमतेम ०.४२ सेकंदांचा असल्यामुळे हा उशीर त्याच्या चौथ्या भागाहून अधिक होतो.

त्यावर उपाय म्हणून मी उद्यानातील बेसबॉलच्या मैदानामागे असलेल्या उंच जाळीवर, जमिनीपासून ५.२ मीटरवर, एक लाल फीत बांधून घेतली. माझा हात बॅटन सोडताना जमिनीपासून साधारण १.८ मीटरवर असतो, त्यामुळे ही फीत म्हणजे १४४ च्या लयीची माझी उंची. पहिले दहा दिवस मी गिरकी घेतलीच नाही. जाळीपासून चार पावले दूर उभे राहायचे, तालयंत्र सुरू करायचे, आणि बॅटनचे शिखर फितीला लागते का एवढेच पाहायचे. हा सराव कंटाळवाणा वाटेल अशी भीती होती, परंतु तसे झाले नाही. तिसऱ्या दिवशी अंगठ्याखालून दांडा सुटतानाच तो फितीच्या वर जाणार की खाली राहणार हे मनगटाला समजू लागले, आणि त्या जाणिवेचा आनंद मी शब्दांत नीट सांगू शकत नाही. जोर दंडातून येत असेल तर बॅटन नेहमी फितीच्या वर जाते. गुडघे किंचित वाकवून, सरळ होतानाच्या उसळीबरोबर हात वर नेला, की ती आपसूक फितीपाशी थांबते.

येथे माझ्या लेझीमविषयी लिहिते, कारण वाचकांपैकी अनेकांनी ती शाळेत केलेली असेल. मी कराडला शाळेत असताना पाच वर्षे लेझीम पथकात होते, आणि आठ-आठ ठोके मोजण्याची, शेजारणीकडे न पाहता तिच्याशी जुळवून घेण्याची सवय तेथूनच मिळाली. ती आजही उपयोगी पडते. परंतु लेझीम प्रत्येक ठोक्याला वाजते, आणि ती वाजावी म्हणून हात त्या क्षणी झटका देऊन थांबतो. बॅटनला हा थांबा अजिबात चालत नाही. उभ्या आठच्या आकड्यात, म्हणजे फिगर-एटमध्ये, ठोक्याच्या क्षणी माझे मनगट कणभर अडत असे आणि बॅटनचा फेरा तेथे चेपल्यासारखा दिसत असे. बाईंनी कितीतरी आठवडे हे दोष कोपरात असल्याचे समजून दुरुस्त करण्याचा प्रयत्न केला. शेवटी मी त्यांना भ्रमणध्वनीवर लेझमीचे एक चित्रण दाखवले, त्यांनी ते तीनदा पाहिले आणि माझे मनगट हातात धरून म्हणाल्या, “हे येथे वाजवायचा प्रयत्न करते आहे, याला सांगा की आज वाजवायचे काम ढोलाचे आहे.” तेव्हापासून मी ठोका पायात ठेवते आणि मनगटाला त्यातून मोकळे करते. फेरा आता बराच गोल झाला आहे. डाव्या हाताचा अजून नाही.

ताल पाळण्यातील दुसरी अडचण मैदानावर गेल्याशिवाय कळत नाही. अमेरिकन फुटबॉलचे मैदान १०० यार्ड लांब आणि सुमारे ५३ यार्ड रुंद असते, आणि बँड त्यावर दूरवर पसरलेला असतो. ध्वनी सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. ढोलवादक ४० मीटर मागे असतील, तर त्यांचा ठोका पुढे उभ्या असलेल्या ट्वर्लरच्या कानापर्यंत यायला जवळपास ०.१२ सेकंद लागतात. मागचे वादक ड्रम मेजरच्या, म्हणजे पुढे उभे राहून हातांनी लय देणाऱ्या म्होरक्याच्या, हातांकडे पाहून वाजवतात. पुढच्या ट्वर्लरनेही त्याच हातांकडे पाहून बॅटन पकडली, तर समोरच्या प्रेक्षकांना ती ढोलाच्या आधीच हातात आलेली दिसते. म्हणून पुढे उभे राहणाऱ्याने मागून येणारा आवाज ऐकून चालावे, आणि बँडच्या मागे किंवा मधोमध असणाऱ्याने हातांकडे पाहावे, अशी रीत आहे. एकाच सादरीकरणात ट्वर्लर पुढून मध्ये आणि मधून पुन्हा पुढे जाते, म्हणजे कोणत्या क्षणी कानावर विश्वास ठेवायचा आणि कोणत्या क्षणी डोळ्यांवर, हेही तिला पाठ करावे लागते. मी हे अनुभवण्यासाठी ध्वनिक्षेपक मैदानाच्या दूरच्या कडेला ठेवून सराव केला. पहिल्या दिवशी पावले इतकी विस्कटली की मला बॅटन खाली ठेवून नुसते चालावे लागले.

चालण्याचेही माप ठरलेले आहे. मैदानावर दर पाच यार्डांवर रेषा असतात, आणि एका रेषेपासून पुढच्या रेषेपर्यंत आठ पावले, म्हणजे प्रत्येक पाऊल साडेबावीस इंचांचे, ५७ सेंटिमीटर. माझे नैसर्गिक पाऊल यापेक्षा लहान पडते, आणि बॅटन वर असताना नजरही वर जात असल्याने ते आणखी आखडते. सध्या मी उद्यानातील आखीव मैदानावर बॅटनशिवाय आठ पावलांत रेषा गाठण्याचा सराव करते आहे, डोके वर ठेवून.

जुलैमध्ये साउथ बेंडजवळ, नोत्र दाम विद्यापीठाच्या आवारात भरणारी बॅटन ट्वर्लिंगची राष्ट्रीय स्पर्धा पाहायला गेले होते. तेथील एकल सादरीकरणात कोपरावरून आणि मानेवरून दांडा लोळवण्याचे प्रकार इतके बारीक होते की मी तासभर एका जागेवरून हलले नाही. तरीही माझे मत असे झाले की स्टेडियमसाठी या बारकाव्यांचा फारसा उपयोग होत नाही. सुमारे साठ हजार माणसे बसतील अशा जागेत कोपरावरचा रोल पहिल्या काही रांगांपुरता उरतो. वरपर्यंत पोहोचतो तो उंच टॉस, मोठा फेरा, आणि ताठ खांद्यांनी टाकलेले पाऊल. स्पर्धेतून कॉलेजात आलेल्या मुली हे दोन्ही साधतात, आणि त्यांच्याविषयी मला वाटणारा आदर त्या दिवशी आणखी वाढला.

बॅटन पडण्याविषयी दोन ओळी. ती पडणारच, आणि गवतावर पडली तर जागीच राहते, पण डांबरावर पडली की बॉलच्या बाजूने वळसा घेत घरंगळते. उचलण्यासाठी कमरेतून न वाकता गुडघ्यांतून खाली बसायचे, पाठ सरळ ठेवायची, आणि उठताना थेट पुढच्या समेला सामील व्हायचे. राहिलेली हालचाल भरून काढायला धावायचे नाही. याचा मी मुद्दाम सराव करते, बॅटन हाताने खाली टाकून. चार ठोक्यांत उचलून उभे राहणे आता जमते.

सध्या सकाळी बाहेर थंडी असते आणि क्रोमचा मुलामा असलेला दांडा बोटांना बर्फासारखा लागतो. हातमोजे घालून पाहिले, पण अंगठ्यावरून दांडा वळतो आहे की घसरतो आहे हे त्यातून कळत नाही, म्हणून काढून टाकले. त्याऐवजी बॅटन दहा मिनिटे कोटाच्या आत, काखेत धरून ठेवते आणि मगच सुरुवात करते. मधल्या पट्टीचे वेटोळे दर पंधरवड्याला बदलते, कारण ते मळले की गुळगुळीत होते.

काल संध्याकाळची मोजणी अशी : १४४ च्या लयीत, एका गिरकीसह, उजव्या हाताने वीस टॉस. त्यांतील सतरा हातात आले आणि अकरा समेवर आले. डाव्या हाताने वीस पैकी नऊ हातात, चार समेवर. ज्या सहा वेळा उजव्या हातात येऊनही सम चुकली, त्यांतील पाच वेळा बॅटन फितीच्या वर गेली होती, म्हणजे गिरकीच्या भीतीने दंड अजून मध्ये पडतो आहे. पुढच्या आठवड्यात गिरकी तशीच ठेवून लय १५२ वर नेणार आहे आणि फीत त्या हिशेबाने सुमारे ३५ सेंटिमीटर खाली बांधणार आहे.