काढणं अवघड म्हणून घेणं अवघड?

कामगार कायदे कडक आहेत म्हणूनच बेकारी, हे लोक इतकं ठासून बोलतात की वाटतं विषय संपला. पण १९६० च्या दशकात पश्चिम युरोपातली बेकारी अमेरिकेपेक्षा कमी होती, आणि युनियन तेव्हाही तगड्याच होत्या की.

मला विचाराल तर स्पेनकडे बघा. १९८४ मध्ये तिथे परमनंटवाल्यांच्या संरक्षणाला हात न लावता टेम्पररी कॉन्ट्रॅक्ट तेवढी सोपी करून टाकली, म्हणजे युनियनशी भांडण टळलं आणि मालकही खूश. पुढचा हिशोब सोपाय. २०१२ च्या आधी परमनंट माणसाला धड कारण नसताना काढलं तर नोकरीच्या दर वर्षामागे ४५ दिवसांचा पगार, म्हणजे दहा वर्षं झालेल्याला चक्क सव्वा वर्षाचा पगार मोजा. टेम्पररीवाल्याचं कॉन्ट्रॅक्ट संपलं की वर्षामागे आठ-दहा दिवसांचे पैसे हातावर ठेवायचे आणि रामराम. मग मंदीत पहिली गदा कोणावर येणार? बरं, पोरगा कामाला चांगला असला तरी त्याला परमनंट करायची वेळ आली की मालक कच खातो, त्याला सोडतो आणि नवा घेतो, आणि जाणारच आहे म्हटल्यावर ट्रेनिंग तरी कशाला देईल कोण! २००७ ला ८ टक्क्यांच्या आसपास असलेली बेकारी २०१३ पर्यंत २६ टक्क्यांवर गेली, पंचवीशीच्या आतल्यांमध्ये तर निम्म्याहून जास्त. बांधकामाचा फुगा फुटला हे मोठं कारण होतंच, पण मार कोणी खायचा ते कॉन्ट्रॅक्टने आधीच ठरवून ठेवलं होतं.

जर्मनीतही माणूस काढणं सोपं नाही. तरी २००९ मध्ये अर्थव्यवस्था ५ टक्क्यांहून जास्त आकसली आणि बेकारी जेमतेम वाढली, कारण कंपन्यांनी माणसं न काढता तास कापले आणि बुडालेल्या पगाराचा बराचसा भाग सरकारी योजनेतून मिळाला.

डेन्मार्कचं उलट, काढणं सोपं पण विमा भरलेला असेल तर दोन वर्षांपर्यंत भत्ता, वर ट्रेनिंग. हे मॉडेल आणा म्हणणारे बहुतेक जण काढणं सोपं एवढंच उचलतात, भत्त्याचं बिल आलं की गप्प.

अमेरिकेत २०२० च्या एप्रिलमध्ये बेकारी १४ टक्क्यांच्या वर उडाली आणि दोन वर्षांत ४ च्या खाली आली. कडक कायद्यांच्या देशात असं सहसा होत नाही, तिथे माणसं कमी निघतात पण एकदा बाहेर पडलेला लवकर आत येत नाही, आणि माझ्या मते कडकपणाची खरी किंमत सरासरी आकड्यात नाही तर या रेंगाळण्यात असते.

२०२१ च्या शेवटी स्पेनने टेम्पररी कॉन्ट्रॅक्टवरच लगाम घातला. त्यांचं प्रमाण घटलं आणि बेकारी वाढायच्या ऐवजी कमी झाली, तरी युरोपियन युनियनमध्ये ती अजून वरच्याच रांगेत आहे. शिवाय हंगामापुरते बोलावले जाणारे परमनंट कामगार मधल्या काळात घरी बसले तरी नोंदणीकृत बेकारांत मोजले जात नाहीत, त्यावरून तिथे वेगळीच भांडणं चालू आहेत.