चुंबक न चिकटणारं शिरस्त्राण : ईपर ते व्हर्दून

ऑगस्ट १९१४ मध्ये पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा पश्चिम आघाडीवरच्या एकाही सैन्याच्या पायदळाकडे पोलादी हेल्मेट नव्हतं. फ्रेंच शिपायांच्या डोक्यावर कापडी केपी, इंग्रजांच्या डोक्यावर कापडी टोपी, जर्मनांचा टोकदार पिकेलहाउब उकळून कडक केलेल्या कातड्याचा. त्याच वर्षी ऑक्टोबरात फ्लँडर्सच्या चिखलात उतरलेल्या हिंदी शिपायांच्या डोक्याला फेटे. पुढच्या दोन वर्षांत हे चित्र पार पालटलं. जुनी लष्करी हेल्मेटं जमवणं आणि त्यांची निगा राखणं हा माझा जिवाभावाचा छंद. म्हणून या बदलाच्या खुणा जिथे अजून हाताला लागतात त्या वाटेने, बेल्जियममधल्या ईपरपासून फ्रान्समधल्या व्हर्दूनपर्यंत गेलो.

ईपर युद्धात जमीनदोस्त झालं होतं. आज दिसतं ते सगळं नंतर पुन्हा उभारलेलं, अगदी मधली भव्य लाकेनहाला, म्हणजे कापडबाजाराची मध्ययुगीन इमारतसुद्धा. तिच्यातच ‘इन फ्लँडर्स फील्ड्स’ संग्रहालय आहे. संध्याकाळी आठ वाजता मेनिन गेटच्या कमानीखाली ‘लास्ट पोस्ट’ची, म्हणजे मृत सैनिकांना मानवंदना देणारी बिगुलाची धून वाजते, ती चुकवू नका. भिंतींवर ज्यांची थडगी सापडली नाहीत अशा ५४ हजारांहून अधिक सैनिकांची नावं आहेत. हिंदी शिपायांची नावंही त्यात आहेत, ती आवर्जून शोधा.

पण माझं मन रमलं ते ईपरजवळच्या झोनेबेके गावाच्या पुढे, एका शेतघराच्या मागच्या शेडमध्ये. तिथले निवृत्त गृहस्थ बरीच वर्षं हेल्मेटांचं जतन करतात. बाकावर एक इंग्रजी ब्रॉडी हेल्मेट उपडं ठेवलं होतं. त्यांनी चुंबक माझ्या हातात दिलं आणि लावून बघा म्हणाले. कडेला लावलं तर खटकन चिकटलं. तेच बोटभर आत, टोपावर सरकवलं तर घसरून खाली पडलं.

हे वाचून माहीत होतं, पण हाताला जाणवलं तेव्हा मजा वेगळीच. जॉन ब्रॉडीने १९१५ मध्ये या हेल्मेटाचं पेटंट घेतलं. सुरुवातीची काही साध्या पोलादाची होती, पण लवकरच रॉबर्ट हॅडफिल्ड यांचं मँगेनीज पोलाद वापरायला सुरुवात झाली. त्यात सुमारे १२ टक्के मँगेनीज असतं. असं पोलाद चिवट होतं आणि चुंबकाला दाद देत नाही. पहिल्या हेल्मेटांची कड उघडी, धारदार होती, म्हणून १९१६ मध्ये तिच्यावर साध्या पोलादाची पट्टी दुमडून बसवली. चुंबक चिकटतं ते या पट्टीला. एखादा विक्रेता पहिल्या महायुद्धातलं ब्रॉडी म्हणून काही दाखवत असेल आणि टोपालाच चुंबक घट्ट बसत असेल, तर मी तरी आधी शंका घेईन आणि मग किंमत विचारीन.

शेडमध्ये मांडलेल्या हेल्मेटांत एकही चकाचक नव्हतं. मला तिथे सर्वांत जास्त आवडलं ते हेच. या छंदात एक मोठा वर्ग गंज दिसला की वाळूचा फवारा मारतो, पोचे ठोकून काढतो, वरून ताजा हिरवा रंग देतो आणि त्याला ‘पुनरुज्जीवन’ म्हणतो. मला हे अजिबात मान्य नाही. ब्रॉडीचा मूळ रंग खरखरीत असतो, कारण उन्हात टोप चमकू नये म्हणून ओल्या रंगावर वाळू किंवा लाकडाचा भुसा टाकलेला असे. तो थर एकदा गेला की गेला. उरतं ते फक्त एक भांडं.

त्या गृहस्थांची पद्धत धिमी आहे. मातीतून आलेलं हेल्मेट आधी शुद्ध पाण्यात मुरू द्यायचं, मग चिखल लाकडी काडीने आणि मऊ ब्रशने उतरवायचा. तार किंवा पॉलिश पेपर टोपाजवळ आणायचाच नाही. खाली रंग शिल्लक आहे असं भिंगातून दिसलं, तर ऑक्झॅलिक आम्लाच्या अगदी पातळ द्रावणात ठेवायचं आणि सारखं बाहेर काढून बघायचं. गंज सुटतो, रंग बराचसा टिकतो. त्यानंतर भरपूर धुणं, पूर्ण वाळवणं, आणि शेवटी मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात. विजेच्या प्रवाहाने गंज काढण्याची युक्ती अनेक जण वापरतात, पण तिने रंगाचे पोपडे उडू शकतात, म्हणून रंग अजिबात उरला नसेल तरच. हातमोजे आणि मास्क हवेतच, जुन्या रंगात शिसं असू शकतं. आतल्या चामड्याला तेल पाजायचं नाही. तेलाने ते काळवंडतं, चिकट होतं. कोरड्या, स्थिर हवेत ठेवून आत आम्लविरहित कागदाचा बोळा भरला की त्याचा आकार टिकतो.

मग त्यांनी एक जर्मन टोप टॉर्चच्या तिरप्या उजेडात धरला. हिरवा, पिवळट, तांबूस असे पट्टे, मध्ये काळ्या रेघा. जुलै १९१८ च्या हुकुमाने जर्मन हेल्मेटं अशी रंगवायला लागले, आणि याच रंगांना बाजारात भाव असल्याने नकलाही यांच्याच अमाप. भिंगातून पाहिलं तर गंजाने पडलेल्या बारीक खड्ड्यांच्या तळाशी पिवळा रंग उतरलेला होता. म्हणजे आधी गंज, मग रंग. खऱ्या जुन्या रंगात उलटं असतं, गंज रंगाला खालून फोडून वर येतो. टोप अस्सल, रंग मात्र अलीकडचा. आता तो काढायचा की ठेवायचा, यावर आम्ही बराच वेळ बोललो. खाली मूळ थर असण्याची आशा आहे म्हणून ते एका कोपऱ्यात नखाएवढी जागा उघडून बघणार आहेत.

तिथून परतताना रस्त्याच्या कडेला, शेताच्या बांधावर गंजलेले तोफगोळे ठेवलेले दिसले. नांगरणीत अजूनही निघतात, शेतकरी बाजूला ठेवतात आणि बेल्जियन लष्कराचं पथक येऊन उचलून नेतं. हात लावायचा नाही, फोटोही लांबूनच. शेतात स्वतः शोधाशोध करण्याचा मोह होतो, पण फ्लँडर्समध्ये मेटल डिटेक्टरसाठी मान्यता लागते आणि फ्रान्समध्येही परवानगीशिवाय ऐतिहासिक वस्तू शोधणं गुन्हा आहे. नियम योग्यच आहेत. जमिनीतल्या हेल्मेटाखाली त्याचा मालकही असू शकतो. त्याची ओळख पटवायला आजूबाजूचं बटण, बिल्ला, चमचा सगळं जागच्या जागी असावं लागतं.

फ्रान्समध्ये शिरल्यावर न्यव्ह शापेलला थांबलो. इथल्या हिंदी स्मारकावर ४,७०० हून अधिक नावं आहेत. उंच स्तंभ, दोन्ही बाजूंना दगडी वाघ. २८ ऑक्टोबर १९१४ ला ४७ व्या शीख पलटणीबरोबर खडकीच्या ३ऱ्या सॅपर्स अँड माइनर्सच्या, म्हणजे लष्करी अभियंत्यांच्या, २० आणि २१ नंबरच्या कंपन्या या गावात संगिनी घेऊन घुसल्या होत्या. त्यांच्यात मराठेही होते. सॅपर्सचे जवळजवळ सगळे इंग्रज अधिकारी त्या दिवशी ठार किंवा जखमी झाले. हिंदी पायदळ १९१५ संपता संपता इथून हललं आणि इंग्रजी सैन्यात हेल्मेटं सर्रास आली ती १९१६ मध्ये. हवेत फुटणाऱ्या गोळ्यातल्या शिशाच्या गोट्या अडवायलाच तो पसरट टोप केला होता. त्या भिंतीवरची बहुतेक माणसं त्या गोट्यांखाली नुसत्या कापडानिशी उभी राहिली. हेल्मेटांच्या प्रत्येक संग्रहात त्यांच्या वाट्याची एक जागा रिकामी आहे असं मला तिथे फार तीव्रतेने वाटलं.

व्हर्दूनला दोन विचार समोरासमोर दिसतात. हॅनोव्हरच्या तंत्रशाळेतले फ्रीडरिश श्वेर्ड यांनी आखलेला जर्मन श्टालहेल्म, म्हणजे पोलादी हेल्मेट, इथेच १९१६ च्या सुरुवातीला मोठ्या प्रमाणावर उतरला. मान आणि कान झाकणारा, खोल, वजनाने किलोच्या वर. त्याच्या कपाळाजवळची दोन शिंगं हवा येण्यासाठी, शिवाय पहारेकऱ्यांसाठी वेगळा जाड पत्रा अडकवायलाही. समोर फ्रेंचांचं आद्रियां हेल्मेट, पत्रा जेमतेम ०.७ मिलिमीटरचा, वजन ७०० ग्रॅमच्या आसपास. टोप, पुढची झाप, मागची झाप, वरचा तुरा आणि बिल्ला असे तुकडे जोडून केलेलं. फ्लरी हे गाव १९१६ च्या व्हर्दूनच्या लढाईत नाहीसं झालं, पुन्हा वसलं नाही. तिथल्या स्मारक-संग्रहालयात दोन्ही हेल्मेटं बघायला मिळतात. दुओमॉंच्या अस्थिगृहात १ लाख ३० हजार अनोळखी सैनिकांचे अवशेष आहेत. तिथे मी फार थांबू शकलो नाही.

म्यूज नदीकाठच्या एका गावात जुना बाजार भरला होता. तिथे मला माझं आद्रियां मिळालं. पायदळाचा पेटत्या ग्रेनेडचा बिल्ला आणि पुढच्या झापेवर युद्धानंतर सैनिकांना दिलेली पितळी पट्टी. तुऱ्याजवळ एक ओरखडा आहे. वरचा रंग मंद निळा-राखाडी, आणि ओरखड्यात त्याखालचा फिकट निळा, चकचकीत. सुरुवातीचा रंग उन्हात चमकून शत्रूला जागा दाखवायचा, म्हणून नंतर वरून मंद रंग चढवला. दोन्ही थर एका ओरखड्यात दिसतात, त्यामुळे या टोपाला मेणाशिवाय काहीही लागणार नाही. अस्तर आणि पत्रा यांच्यामधल्या ॲल्युमिनियमच्या नागमोडी पट्ट्याही जागेवर आहेत.

अस्तराच्या चामड्यावर शाईने लिहिलेलं एक आडनाव आणि आद्याक्षर आहे. फ्रान्सच्या संरक्षण खात्याच्या ‘मेम्वार देझ ऑम’ या संकेतस्थळावर पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या १३ लाखांहून अधिक सैनिकांच्या नोंदी आहेत. त्या आडनावाचे बरेच निघाले, त्या आद्याक्षराचा एकही नाही. म्हणजे तो बहुधा घरी परतला असावा. परतलेल्यांची माहिती जिल्ह्याजिल्ह्यांच्या दफ्तरखान्यांत, भरतीच्या वर्षानुसार लावलेल्या रजिस्टरांत असते, आणि त्यातली बरीच आता ऑनलाइन आहेत. हेल्मेट जिथे मिळालं त्या म्यूज जिल्ह्यापासून सुरुवात केली आहे. सध्या १९१० ची तुकडी चाळतोय.