‘वीकन’च्या प्रश्नांनी माझे दोन महिने खाल्ले

जीमॅट या एमबीए प्रवेशपरीक्षेचं रजिस्ट्रेशन, क्वांट (गणित), डेटा इनसाइट्स (तक्ते-आकडे समजून घेणं), सगळं सुरळीत झालं. अडकले ते क्रिटिकल रीझनिंगच्या, म्हणजे युक्तिवाद तपासायच्या प्रश्नांच्या, ‘वीकन’ या एकाच प्रकारात: दिलेला युक्तिवाद कशाने सर्वांत जास्त कमकुवत होतो? २०२३ च्या शेवटी आलेल्या नव्या स्वरूपात सेंटेन्स करेक्शन (वाक्यं दुरुस्त करणं) गेलं, व्हर्बल या भाषेच्या विभागात उतारे आणि क्रिटिकल रीझनिंगच उरलं. म्हणजे टाळायची सोय नाही.

क्लासमध्ये सांगितलं होतं, ‘निष्कर्षाच्या विरुद्ध जाणारा पर्याय निवडा.’ मी ते इमानेइतबारे पाळलं आणि एकामागून एक मॉकमध्ये (सराव परीक्षेत) चुकत गेले. त्या अर्धवट शिकवण्याचा राग अजून गेलेला नाही.

मी रचलेलं एक उदाहरण देते. ग्रंथालयाने उशिराचा दंड रद्द केला. पुढच्या सहा महिन्यांत उशिरा येणारी पुस्तकं कमी झाली. म्हणून दंड काढल्यामुळेच लोक वेळ पाळू लागले. आता पर्याय बघा. एक: काही सभासद अजूनही उशीर करतात. दोन: शेजारच्या गावात दंड आहे, तरी पुस्तकं वेळेवर येतात. तीन: दंड रद्द झाला त्याच महिन्यात पुस्तक ठेवायची मुदत १५ दिवसांवरून ३० दिवस झाली.

मी दुसरा निवडला असता, कारण तो विरुद्ध बोलल्यासारखा वाटतो. पण शेजारच्या गावावरून इथली घट कशामुळे झाली ते कळत नाही. पहिल्यानेही काही बिघडत नाही, कारण दावा उशीर कमी झाल्याचा आहे, संपल्याचा नाही. तिसरा मात्र घटीचं दुसरंच कारण समोर ठेवतो. घाव निष्कर्षावर नाही, माहिती आणि निष्कर्ष यांना जोडणाऱ्या न बोललेल्या गृहीतकावर घालायचा असतो. हे मला एका रविवारी चुकांची वही चाळताना उमगलं आणि अक्षरशः हायसं वाटलं.

त्यानंतर पर्याय वाचण्याआधी मी स्वतःला विचारायचे, ‘याने काय गृहीत धरलंय?’ व्हर्बलमध्ये ४५ मिनिटांत २३ प्रश्न, म्हणजे एकाला दोन मिनिटंही नाहीत. तरी हे दहा सेकंद द्याच.

आणि हो, पर्याय खरा आहे का यावर वाद घालू नका, प्रश्नच तो खरा धरायला सांगतो. प्रश्नात ‘एक्सेप्ट’ (‘वगळता’) दिसलं तर थांबा: तिथे चार पर्याय युक्तिवाद कमकुवत करतात, उरलेला त्याला बळ देतोच असं नाही. तो अगदी असंबद्धही असू शकतो. माझे शेवटच्या मॉकमधले दोन प्रश्न यातच गेले.