जर्मन ऑफिसरची टोकदार हेल्मेट्स कशाला जमवता? तुम्ही विचारलंत म्हणून

कपाट बघितलं की आपल्याकडच्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न हाच, हिटलरच्या काळातल्या वस्तू घरात कशाला? तर आधी हे सांगतो की त्या काळाशी या हेल्मेट्सचा संबंध नाही. ही पिकेलहाउबं, काळ्या चामड्याची, वर टोक, समोर चकचकीत बिल्ला. प्रशिया या जर्मन राज्याच्या राजाने, चौथ्या फ्रेडरिक विल्यमने, ती १८४२ मध्ये सैन्यात आणली आणि १९१६ पासून स्टीलची हेल्मेट्स यायला लागल्यावर आघाडीवरून ती गेली. नाझी त्यानंतर कितीतरी वर्षांनी सत्तेत आले. नाझी चिन्हाची एकही वस्तू मी घेत नाही आणि घेणारही नाही.

दुसरा प्रश्न, मग ऑफिसरचीच का? कारण साध्या शिपायाला हेल्मेट सरकारातून मिळायचं, ऑफिसरला मात्र स्वतःच्या खिशातून करून घ्यावं लागायचं. त्यामुळे ते एका माणसाच्या डोक्याच्या मापाचं आणि त्याच्या ऐपतीचं असतं, मला त्यात तो माणूस दिसतो. चामडं हलकं आणि पातळ, बिल्ल्याला सोन्याचा मुलामा, टोकाच्या बुडाशी बारीक मण्यांची कडी आणि चांदणीच्या आकाराचे स्क्रू. पण खरी मजा उलटं करून बघण्यात आहे! पुढच्या छज्ज्याच्या, म्हणजे कपाळावर पुढे आलेल्या कडेच्या, आतलं चामडं हिरवं, मागच्याचं लाल, आणि मध्ये रेशमी अस्तर, जे शंभर वर्षांपूर्वीच्या घामाने नि केसांच्या तेलाने काळपट पडलेलं असतं. मी ते अस्तर कधीच साफ करत नाही, ते पुसलं तर उरलं काय?

आणि समोरचा बिल्ला वाचता यायला लागला की मग सुटका नाही. आपण जर्मन सैन्य म्हणतो पण कैसरच्या, म्हणजे जर्मन सम्राटाच्या, काळात प्रशिया, बव्हेरिया, सॅक्सनी, वुर्टेंबर्ग यांची सैन्यं वेगवेगळी होती, बव्हेरियाचं सैन्य तर शांततेच्या काळात बव्हेरियाच्या राजाच्याच हुकमतीत. म्हणून प्रशियाचा गरुड, बव्हेरियाचे ढाल धरलेले दोन सिंह. १८९७ पासून उजव्या बाजूला साम्राज्याची काळी-पांढरी-लाल चकती आणि डावीकडे आपापल्या राज्याची, बव्हेरियाची पांढरी-निळी, वुर्टेंबर्गची काळी-लाल. त्या काळच्या जर्मनीचं सगळं राजकारण दोन कानांच्या मध्ये मावलंय, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी अक्षरशः वेडा झालो होतो.

आपला काय संबंध, असंही विचारतात. संबंध आहे ना. २८ ऑक्टोबर १९१४ ला फ्रान्समध्ये नव शापेल गावात ४७ व्या शीख पलटणीबरोबर खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या २० आणि २१ नंबरच्या कंपन्या हल्ल्यात उतरल्या, खरं तर खंदक खणणारी, पूल बांधणारी माणसं, पण त्या दिवशी घराघरातून हातघाईची लढाई केली आणि त्यांचे जवळजवळ सगळे अधिकारी पडले किंवा जखमी झाले. समोरच्या जर्मनांच्या डोक्यावर कापडी खोळ घातलेली हीच टोकं होती. पुण्यातल्या किती जणांना हे माहीत आहे?

आता घ्यायचंच असेल तर नीट ऐका. बाजारात नकला भरपूर, आणि त्यातल्या कित्येक आपल्या भारतातच बनतात. त्या ओळखणं सोपं, चामडं नवं, पितळ पिवळंधमक. खरा धोका जोडकामाचा, म्हणजे शिपायाच्या जुन्या टोपावर ऑफिसरचा बिल्ला चढवून भाव वाढवायचा. शिपायाचा बिल्ला मागच्या कड्यांवर अडकतो, ऑफिसरचा स्क्रू आणि नटने बसतो, म्हणून विकणाऱ्याला विचारून नट सोडवून बिल्ला उचलून बघाच. खालचं चामडं उजेड न लागल्यामुळे गडद राहिलेलं असतं आणि त्या डागाचा आकार बिल्ल्याशी जुळायला हवा, बाजूला जास्तीची भोकं दिसली की पैसे खिशातच ठेवा, विकणारा कितीही गोड बोलला तरी.

आणि घरी आणल्यावर कृपा करून डोक्यात घालू नका. चामडं आटलेलं असतं, छज्जाची शिवण एका झटक्यात जाते. तेलपाणीही नको, वरचं काळं लाखेसारखं रोगण सुटतं. उन्हापासून लांब ठेवा आणि पुण्या-मुंबईत असाल तर पावसाळ्यात बुरशीवर नजर ठेवा, एवढं पुरे.

जर्मनीला गेलात तर इंगोलश्टाटचं बव्हेरियन आर्मी म्युझियम चुकवू नका, रास्टाटचं लष्करी इतिहासाचं म्युझियमही. मी सध्या वुर्टेंबर्गच्या इन्फन्ट्री ऑफिसरचं शोधतोय, आतलं अस्तर मूळचंच असलेलं, कुणाच्या बघण्यात आलं तर नक्की कळवा.