तात्यांचं लंघन

आमच्या बोक्याचं नाव तात्या, आणि घरात सगळे त्याला अहो-जाहोच करतात कारण वागणंच तसं आहे. सांगलीत गावभागातलं जुनं घर आमचं, तिथं तात्यांचा दिवस म्हणजे सोप्यातल्या खुर्चीवर झोप, मग स्वयंपाकघराच्या दारात बसून वसुली, मग परत झोप. ऑपरेशन झाल्यापासून हिंडणं बंद आणि भूक वाढलेली (नसबंदीनंतर असं होतं, शरीराला कमी लागतं आणि तोंडाला जास्त), बघता बघता कमरेचा पत्ताच गेला. हात फिरवला की मांजराच्या बरगड्या बोटाला लागायला हव्यात, तात्यांच्या दाबून शोधाव्या लागतात. पोटाखाली लोंबणारी कातडी मात्र जाडीत धरू नका, ती सडपातळ मांजरालाही असते.

घरातल्या काट्यावर ५०-६० ग्रॅमचा फरक कळत नाही, म्हणून पिशवीत घालून कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात नेलं. काट्यावर बसले ते उतरायलाच तयार नाहीत, पलीकडे सुकटीचा डबा उघडा होता ना. ७ किलो १०० ग्रॅम! साधं घरगुती मांजर ४-५ किलोचं असतं. दुकानदार कौतुकानं म्हणतो, "चांगलं बाळसं धरलंय की ओ!"

आजीकडे उपाय तयारच होता. "दोन दिस लंघन द्या, आपोआप उतरंल." माणसांचं ठीक आहे, लंघनं परमौषधम् ऐकतच मोठे झालोय आपण, पण मांजराला ते चालत नाही आणि जाड मांजराला तर अजिबातच नाही. दोन-तीन दिवस पोटात काही गेलं नाही की अंगातली चरबी लिव्हरकडे धावते, लिव्हरला ती झेपत नाही, तिथंच साठते, मग मांजर समोर ठेवलेलंही खात नाही, कावीळ होते आणि जिवावर बेततं. म्हणजे एकादशीचं पुण्य आपलं आपल्यापुरतं.

डॉक्टरांनी सांगितलं, आठवड्याला वजनाच्या १ टक्का उतरू दे, २ च्या वर नको. म्हणजे ७० ग्रॅम, भडंगाच्या छोट्या पुडीएवढं! ५ किलोवर यायला सहा-सात महिने सहज जाणार, आणि त्याला काही इलाज नाही.

खरी भानगड घरच्यांची. कोरड्या खाण्यात १०० ग्रॅमला ३५० ते ४०० कॅलरी, मांजराला दिवसाला लागतात २००-२५०, म्हणजे ६० ग्रॅममध्ये काम भागतं. आमच्याकडे वाटी शिगोशीग, वर आईचं दूध (मोठ्या मांजरांपैकी बऱ्याच जणांना ते पचतही नाही), बाबांच्या ताटातला तूप लावलेला चपातीचा तुकडा, आणि भिंतीपलीकडच्या काकूंची सुकट. प्रत्येकाचं म्हणणं एकच, "मी तेवढंच दिलं ओ!"

मग डबा ठेवला. डॉक्टरांनी ठरवून दिलेलं दिवसाचं खाणं सकाळी मोजून त्यात, ज्याला लाड करायचेत त्यानं त्यातलेच दाणे द्यायचे. डबा संपला की दुकान बंद. काही दाणे माडीच्या जिन्यावर टाकतो, पायरीला दोन. तात्या एक पायरी चढतात, दाणा फोडतात, मागं वळून आमच्याकडे बघतात, बसतात, मग पुढची पायरी. व्यायाम म्हणायला जरा जड जातं, पण चालतंय.

वजन उतरायला लागलंय तर काकूंचं सुरू झालं, "वाळला की गं बोका, उपाशी ठेवता व्हय?" त्यांना लिव्हरचं सगळं परत सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं आणि सुकट भिंतीवर ठेवली ती ठेवलीच.

आता श्रावण तोंडावर आलाय. अधूनमधून बिनमिठाचं, कांदा-लसणाशिवाय उकडलेलं चिकन तात्यांना त्यांच्या हिशोबातच मिळतं, पण महिनाभर आई ते घरात शिजवू देणार नाही. मांजर पक्कं मांसाहारी, वरण-भातावर त्याला ठेवता येत नाही, आणि ऐन डाएटमध्ये खाणं सोडलं तर पंचाईत. त्यामुळे गच्चीवर जुनी शेगडी नेऊन ठेवलीय, पातेलंही वेगळं काढलंय, फक्त आजीला अजून सांगायचंय.