हृदय उजवीकडे, मग मणक्याचं काय?

बाळाचं हृदय उजवीकडे असलं तर मेंदू-मणक्यातही दोष असतो का, असं तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. ठाण्यात, नौपाड्यात मी सोनोग्राफी करते. पाचव्या महिन्याच्या तपासणीत बाळाचं हृदय उजवीकडे दिसलं की आईचा प्रश्न ठरलेला: "मॅडम, मग मेंदूत, मणक्यातही काही असेल का?" पाठोपाठ सासूबाई, "ग्रहणात हिने सुरी धरली होती हो!"

सुरीचं आधी संपवते. बाळाची डावी-उजवी बाजू ठरते आणि ज्या नळीतून मेंदू नि मज्जारज्जू घडतात ती मिटते, हे सगळं गर्भधारणेनंतरच्या पहिल्या चार आठवड्यांत. तोवर पाळी चुकून जेमतेम पंधरवडा झालेला असतो. सासूबाईंचं ग्रहण बहुतेकदा चौथ्या महिन्यातलं निघतं. आणि त्या पंधरवड्यातलं असतं, तरी सुरीचा संबंध शून्यच.

आता आईचा प्रश्न. तिसऱ्या आठवड्यात गर्भावर एक खळगा असतो. त्यातले सूक्ष्म केस गरगर फिरून आतला द्रव डावीकडे ढकलतात, आणि त्यावरून डावी बाजू कुठली ते ठरतं. जपानी शास्त्रज्ञांनी 1998मध्ये उंदरांच्या गर्भात हे दाखवलं. त्याच सुमारास शेजारी ती नळी मिटत असते, आणि काही जनुकं दोन्हीकडे लागतात. एक्स गुणसूत्रावरचं झिक-3 हे त्यातलं ठळक. त्यात दोष असला की हृदय, जठर, प्लीहा यांच्या जागांचा घोळ होतो, याला हेटेरोटॅक्सी म्हणतात. अशा काही मुलांच्या कण्याच्या खालच्या टोकालाही दोष सापडलेत. हे जनुक नसलेल्या उंदरांच्या काही पिल्लांत तर डोक्याकडची नळीच उघडी राहते.

म्हणून उजवं हृदय म्हणजे मणक्यात दोष, असं मात्र नाही. सगळेच अवयव आरशातल्यासारखे उलटे असलेली माणसं साधारण दहा हजारांत एक. त्यातल्या कित्येकांना ते छातीच्या एक्स-रेत कळतं. मला काळजी अर्धवट घोळाची, म्हणजे काही अवयव जागेवर नि काही उलटे. तिथे मी हृदयाचे कप्पे, प्लीहा बघते, मग मणके एकेक मोजत खाली येते आणि शेवटी लहान मेंदू. तो मागे ओढला जाऊन वाकडा दिसला (आमच्या भाषेत 'बनाना साइन'), तर पाठ कुठेतरी उघडी आहे असं समजून पुन्हा शोधायचं.

फॉलिक ॲसिडबद्दलही विचारता. गोळी दिवस राहण्याआधीपासून हवी, तिसऱ्या महिन्यात सुरू करून नळीसाठी उपयोग नाही. आधीच्या बाळाला नळी उघडी राहण्याचा दोष असलेल्या स्त्रियांवर झालेल्या ब्रिटिश चाचणीत (1991) रोज 4 मिलिग्रॅमने पुन्हा तसं होण्याचं प्रमाण 72 टक्क्यांनी घटलं. एरवी 400 मायक्रोग्रॅम पुरतात. जनुकातला दोष मात्र गोळीने पुसला जात नाही.

मी स्वतः आधी विचारते ते नात्यातल्या लग्नाचं. मेकेल सिंड्रोमसारख्या आजारात डोक्याच्या मागून मेंदूचा भाग बाहेर येतो, मूत्रपिंडात गाठी होतात, क्वचित अवयवांच्या बाजूही चुकतात. त्यात सदोष जनुक आई-वडील दोघांकडून यावं लागतं, आणि तसे दोघे असले की दर खेपेला चारात एक धोका. मामाच्या मुलीशी लग्न आपल्याकडे नवं नाही. तिथे सुनेच्या माहेराला बोल लावणाऱ्या सासूबाई त्याच माहेरच्या असतात!

जनुकाच्या तपासणीला रक्त दोघांचंही लागतं. नवरे नेमके तेव्हा गोखले रोडवर पार्किंग शोधत असतात.